विश्लेषण : निरीक्षक नव्हते, इंटरनेट बंद, तरी गाम्बियातला निकाल कसा टिकला?

पश्चिम आफ्रिकेतल्या गाम्बिया या चिमुकल्या देशात २२ वर्षे सत्तेवर असलेले याह्या जामे १ डिसेंबर २०१६ ची अध्यक्षीय निवडणूक हरले. त्या दिवशी युरोपीय संघाचे निरीक्षक देशात नव्हते. पश्चिम आफ्रिकी देशांची संघटना ‘इकोवास’नेही आपले पथक पाठवले नव्हते. इंटरनेट बंद होते. तरीही निकाल दडपता आला नाही. लोकशाहीसाठी येणारी परदेशी मदत नेमकी कुठे खर्च व्हावी, हा प्रश्न त्यामुळेच विचारायला हवा.

गोटीने मतदान?

हो, खरेच. निरक्षर मतदारांनाही मत देता यावे म्हणून तिथे काचेच्या गोट्या वापरतात. प्रत्येक उमेदवाराचा वेगळ्या रंगाचा पिंप, त्यावर त्याचा फोटो. नळीतून गोटी आत सोडली की घंटी वाजते. दोनदा वाजली तर कोणीतरी दोन मते टाकली, हे बाहेर लगेच कळते. मतदान केंद्राजवळ त्या दिवशी सायकलला मनाई असते, कारण तिची घंटीही तशीच वाजते! मोजणीसाठी २०० किंवा ५०० खाचांचे ट्रे.

पण निर्णायक बदल गोटीत नव्हता. २०१६ मध्ये मोजणी पहिल्यांदाच मतदान केंद्रावर, पक्षांच्या प्रतिनिधींसमोर झाली. आकडा राजधानी बांजुलला पोहोचण्याआधी गावाला माहीत झाला होता.

त्याची गरज आठवडाभरातच पडली. जामे यांनी २ डिसेंबरला पराभव मान्य केला. ५ तारखेला निवडणूक आयोगाने बेरजेतली चूक दुरुस्त केली आणि विजयी उमेदवार अडामा बॅरो यांची आघाडी सुमारे ५१ हजारांवरून १९ हजारांवर आली. विजेता तोच राहिला, पण जामे यांना निमित्त मिळाले. ९ तारखेला त्यांनी निकालच नाकारला. सैनिकांनी आयोगाचे कार्यालय ताब्यात घेतले, पुढे आयोगाच्या अध्यक्षांना देश सोडावा लागला. जामे यांच्या पक्षाने सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली, तर तिथे सुनावणीपुरतेही न्यायाधीश नव्हते. ही वेळ जामे यांच्याच कारभाराने आणली होती.

मग वकील, शिक्षक, डॉक्टरांच्या संघटना उघडपणे बोलल्या. ‘गाम्बिया हॅज डिसायडेड’ लिहिलेले टी-शर्ट रस्त्यावर आले. त्यासाठी अटकाही झाल्या. बॅरो यांचा शपथविधी १९ जानेवारी २०१७ ला शेजारच्या सेनेगलमध्ये, डाकारच्या गाम्बियन दूतावासात झाला. इकोवासच्या फौजा सीमा ओलांडून आल्या आणि २१ तारखेला जामे इक्वेटोरियल गिनीला निघून गेले. श्रेय बहुतेक वेळा या फौजांना दिले जाते. ते चुकीचे नाही, अपुरे आहे. केंद्राकेंद्रांवरचे आकडे हाताशी नसते, तर फौजा कोणाच्या बाजूने उभ्या राहिल्या असत्या?

मग अडचण कुठे आहे?

सत्तांतरानंतर परदेशी निरीक्षक आले, मदतही आली. पण मतदानाच्या दिवसाचे फोटो छान येतात, संविधानाच्या मसुद्याचे येत नाहीत. देणाऱ्यांचा उत्साह याच हिशेबाने चालतो, अशी शंका घ्यायला जागा आहे. मतदार यादी, स्थानिक निरीक्षकांचे प्रशिक्षण, संसदेवर पाळत ठेवणाऱ्या छोट्या संस्थांचा पगार ही कामे दोन निवडणुकांच्या मधली असतात. मुलींच्या जननांग-छेदनावरची २०१५ ची बंदी उठवण्याचे विधेयक जुलै २०२४ मध्ये संसदेत फेटाळले गेले. त्यासाठी महिला संघटनांनी केलेली मेहनत कोणत्याही मतदानाच्या दिवशी दिसली नसती.

आणि सगळे जिंकले असेही नाही. बॅरो यांच्या आघाडीने तीन वर्षांच्या संक्रमणकाळाचे आश्वासन दिले होते. ते पूर्ण पाच वर्षे राहिले आणि डिसेंबर २०२१ मध्ये पुन्हा निवडून आले. अध्यक्षाला दोनच कार्यकाळ देणारा, त्यात बॅरो यांचा चालू कार्यकाळही मोजणारा नव्या संविधानाचा मसुदा सप्टेंबर २०२० मध्ये संसदेत अडला. बाजूने ३१, विरोधात २३. तीन-चतुर्थांश मते हवी होती. त्यामुळे जामे यांच्या काळातले १९९७ चे संविधान कायम राहिले. त्यात अध्यक्षाच्या कार्यकाळाला मर्यादा नाही.