विश्लेषण : बीजगणिताऐवजी संख्याशास्त्र… अमेरिकेतील कम्युनिटी कॉलेजांनी गणिताची वाट का बदलली?

अमेरिकेत नर्स व्हायचे असो, मानसशास्त्र शिकायचे असो वा व्यवसाय व्यवस्थापन. पदवीच्या वाटेवर गणिताचा किमान एक विषय बहुतेक ठिकाणी लागतोच. अनेक वर्षे ही वाट बीजगणितातूनच जात होती आणि असंख्य विद्यार्थी तिथेच थांबत होते. गेल्या दशकभरात कम्युनिटी कॉलेजांनी अशा विद्यार्थ्यांसाठी संख्याशास्त्राच्या प्राथमिक अभ्यासक्रमाचा पर्याय मोठ्या प्रमाणावर खुला केला. ही सवलत आहे की सुधारणा? आकडे काय सांगतात?

कम्युनिटी कॉलेज म्हणजे काय?

ही मुख्यतः सार्वजनिक, दोन वर्षांची महाविद्यालये. येथे ‘असोसिएट डिग्री’ मिळते. ती घेऊन नोकरी धरता येते किंवा चार वर्षांच्या विद्यापीठात जाऊन उरलेली दोन वर्षे पूर्ण करता येतात. इलिनॉयमध्ये १९०१ साली सुरू झालेले जोलिएट ज्युनियर कॉलेज हे यातले सर्वात जुने सार्वजनिक महाविद्यालय मानले जाते. एकट्या कॅलिफोर्नियात अशी ११६ महाविद्यालये आहेत. तेथील रहिवाशांना एका युनिटचे शुल्क ४६ डॉलर. म्हणजे चार युनिटचा संख्याशास्त्राचा विषय १८४ डॉलरमध्ये होतो. परदेशी विद्यार्थ्यांना मात्र याच्या कितीतरी पट पैसे मोजावे लागतात. दिवसा नोकरी करून संध्याकाळी वर्गात येणारे, लहान मुलांचे पालक, नव्याने देशात आलेले स्थलांतरित असा येथला मोठा विद्यार्थीवर्ग आहे.

अडचण नेमकी कुठे होती?

प्रवेशाच्या वेळी चाचणी घेतली जाई. तीत कमी गुण पडले, की विद्यार्थ्याला पूर्वतयारीच्या वर्गात पाठवले जाई. अंकगणित, मग प्राथमिक बीजगणित, मग पुढचे बीजगणित अशी ही उतरंड. शुल्क भरायचे, सत्रे घालवायची. पण पदवीसाठी त्यातले काही धरले जात नाही. समजा, प्रत्येक पायरीवर १०० पैकी ७० जण उत्तीर्ण होऊन पुढे गेले, तर तीन पायऱ्यांनंतर ३४ उरतात आणि चार पायऱ्यांनंतर फक्त २४. एकही पायरी फार अवघड नसली, तरी जिना चढून जाणारे थोडेच.

राज्यशास्त्राचे प्राध्यापक अँड्र्यू हॅकर यांनी २०१२ मध्ये ‘न्यू यॉर्क टाइम्स’मधील लेखात ‘बीजगणित सर्वांना हवेच का,’ असा प्रश्न विचारला आणि वाद पेटला. त्याआधीच, २०११ मध्ये, कार्नेगी फाउंडेशनने ‘स्टॅटवे’ हा कार्यक्रम काही महाविद्यालयांत सुरू केला होता. पूर्वतयारी आणि पदवीच्या दर्जाचे संख्याशास्त्र एकत्र, एका वर्षात, अशी त्याची रचना होती.

न्यू यॉर्कच्या प्रयोगात काय आढळले?

सिटी युनिव्हर्सिटी ऑफ न्यू यॉर्कच्या तीन कम्युनिटी कॉलेजांत २०१३ मध्ये एक प्रयोग झाला. चाचणीनुसार ज्यांना प्राथमिक बीजगणितात पाठवले जाणार होते, अशा ९०७ विद्यार्थ्यांची चिठ्ठ्या टाकाव्यात तशी तीन गटांत विभागणी केली गेली. पहिल्या गटाला बीजगणित, दुसऱ्याला बीजगणित आणि दर आठवड्याला जादा मार्गदर्शन वर्ग, तर तिसऱ्याला थेट पदवीच्या दर्जाचे संख्याशास्त्र आणि तसाच मार्गदर्शन वर्ग. शिक्षकाचा फरक पडू नये म्हणून प्रत्येक शिक्षकाने तिन्ही प्रकारचे वर्ग घेतले.

उत्तीर्णांचे प्रमाण अनुक्रमे ३९, ४५ आणि ५६ टक्के निघाले. पुढील पाहणीत तीन वर्षांत पदवी मिळवणाऱ्यांचे प्रमाण बीजगणिताच्या गटात सुमारे १७ टक्के, तर संख्याशास्त्राच्या गटात सुमारे २५ टक्के दिसले.

हा फरक योगायोग नाही कशावरून?

हा प्रश्न विचारायला आणि सोडवायला शिकवणे हेच या अभ्यासक्रमाचे काम आहे. सुरुवात होते ती दहावीच्या पुस्तकातल्या मध्य, मध्यक आणि बहुलक यांच्यापासून. त्यानंतर आकडे किती विखुरलेले आहेत ते सांगणारे प्रमाण विचलन, संभाव्यता, नमुना कसा निवडावा आणि शेवटी नमुन्यावरून संपूर्ण समूहाविषयी अनुमान कसे काढावे.

हेच न्यू यॉर्कच्या आकड्यांना लावून पाहू. प्रत्येक गटात साधारण अडीचशे विद्यार्थी धरले, तर अशा दोन गटांत निव्वळ नशिबाने पडू शकणाऱ्या फरकाचे माप सुमारे साडेचार टक्के येते. या मापाच्या दुपटीहून मोठा फरक दिसला, तर तो सहसा योगायोग मानत नाहीत. ३९ आणि ५६ यांतला फरक १७ टक्क्यांचा, म्हणजे मापाच्या तिपटीहून जास्त. तो योगायोगाने पडण्याची शक्यता हजारात एकदाही नाही. पण ३९ आणि ४५ यांतला फरक सहाच टक्क्यांचा. तेवढ्यावरून ‘जादा वर्गामुळे बीजगणिताचा निकाल सुधारला’ असे ठामपणे म्हणता येत नाही. एकाच तक्त्यातला एक फरक विश्वासार्ह आणि दुसरा संशयास्पद, हे ओळखता येणे म्हणजे संख्याशास्त्र येणे.

मग आक्षेप कोणते?

पहिला आक्षेप असा, की ५६ टक्के हे संख्याशास्त्रातले उत्तीर्ण आणि ३९ टक्के बीजगणितातले. दोन वेगळ्या परीक्षांची तुलना कशी करायची? आक्षेप रास्त आहे. पदवी मिळवणाऱ्यांचे प्रमाण म्हणूनच जास्त महत्त्वाचे ठरते, कारण त्यात पुढचे सगळे विषयही येतात.

दुसरा आक्षेप कॅलिफोर्नियातून येतो. तेथे ‘एबी ७०५’ या कायद्यावर ऑक्टोबर २०१७ मध्ये स्वाक्षरी झाली. २०१९ च्या शरद सत्रापासून महाविद्यालयांना शालेय गुण पाहून विद्यार्थ्यांना शक्यतो थेट पदवीच्या दर्जाच्या गणितात बसवणे भाग पडले. त्यामुळे एका वर्षात हा टप्पा ओलांडणारे वाढले. पण थेट त्या वर्गात बसून नापास होणारेही वाढले. वर्गासोबत जादा मार्गदर्शन, रात्रीची शिकवणी, चुकल्यावर विचारायला माणूस हे नसेल, तर दार उघडूनही उपयोग नाही.

संख्याशास्त्र कोणी निवडू नये?

अभियांत्रिकी, संगणकशास्त्र किंवा भौतिकशास्त्राकडे जाणाऱ्यांना कॅल्क्युलस टाळता येत नाही आणि कॅल्क्युलसला बीजगणित लागतेच. महाराष्ट्रातून खर्च वाचवण्यासाठी ‘दोन अधिक दोन’ हा मार्ग धरणाऱ्यांनी हे विशेष लक्षात ठेवावे. पहिल्याच सत्रात केवळ सोपे म्हणून संख्याशास्त्र घेतले आणि नंतर अभियांत्रिकीकडे वळायचे ठरवले, तर कॅल्क्युलसची साखळी उशिरा सुरू होते. परदेशी शुल्काच्या दराने एक सत्र वाढणे म्हणजे लाखांचा हिशेब. ज्या विद्यापीठात पुढे जायचे, ते कोणता गणित विषय ग्राह्य धरते, हे आधी विचारून घेणेच हिताचे.

आपल्याकडे याचा काय संबंध?

बारावी वाणिज्य शाखेत ‘गणित व संख्याशास्त्र’ ऐच्छिक आहे. कला शाखेतील बहुतेकांची गणिताशी गाठ दहावीनंतर सुटते. पण आकड्यांशी सुटत नाही. सीईटीतले ९० पर्सेंटाइल म्हणजे ९० टक्के गुण नव्हेत, हे दर निकालाला नव्याने समजावून सांगावे लागते. मतदानोत्तर चाचण्यांतील दोन टक्क्यांच्या आघाडीवर तासन् तास चर्चा होते. नमुना किती जणांचा आणि कसा निवडला, हे क्वचितच विचारले जाते.

संख्याशास्त्र म्हणजे सोपे गणित, हा समज त्यामुळे सोडायला हवा. त्यात समीकरणे कमी असतील; पण हातात आलेल्या आकड्यावर विश्वास ठेवायचा की नाही, हे ठरवणे सोपे नाही. रुग्णाचा रक्तदाब नोंदवणाऱ्या परिचारिकेला किंवा गावाची पाहणी करणाऱ्या समाजसेवकाला वर्गसमीकरणापेक्षा याची गरज रोज पडते. कोणाला पदवीपर्यंत कोणते गणित लागेल हे त्याच्या पुढच्या कामावरून ठरावे, सोळाव्या वर्षी आलेल्या गुणांवरून नव्हे. कम्युनिटी कॉलेजांनी ही गोष्ट प्रयोग करून, आकडे मोजून मान्य केली. आपल्याकडे दहावीनंतर गणित सोडणाऱ्या विद्यार्थ्याला अशी दुसरी वाट अजून कोणी आखून दिलेली नाही.