गोडी छाटणीआधी मजुरांच्या खोल्यांचे कागद मार्गी लावू या

निफाड, दिंडोरी, चांदवड आणि बागलाण तालुक्यांतल्या सर्व बंधुभगिनींना नम्र आणि तातडीचं आवाहन.

श्रावण लागला आहे. बागलाणात अर्ली द्राक्षांच्या छाटण्या उरकत आल्या. निफाड-दिंडोरीच्या बागांना सप्टेंबरच्या अखेरीपासून कात्री लागेल. त्या वेळी पेठ, सुरगाणा, हरसूलकडून काही टोळ्या खाली उतरतील आणि डोंगरातलं भात, नागली घरात आलं की दिवाळीनंतर बाकीच्या. छाटणी, पेस्ट, फेलफुटी काढणं, विरळणी, डिपिंग आणि शेवटी माल काढणं, असं करत मार्च-एप्रिलपर्यंत ही माणसं आपल्या शेतात असतील. कोकणा, महादेव कोळी, वारली समाजातली कुटुंबंच्या कुटुंबं येतात. सोबत तान्ही मुलं असतात, मुलांना सांभाळायला एखादी म्हातारी असते. ही सगळी राहणार कुठे, याचं उत्तर आजही अनेक बागांमध्ये नाही.

बांधावर चार बांबू रोवून वर ताडपत्री, नाहीतर पॅकहाउसचा एखादा कोपरा, नाहीतर जिथे औषधं आणि खतं ठेवतो तीच खोली. हे आपण सगळ्यांनी पाहिलं आहे. निफाडची थंडी काय असते हे इथल्या माणसाला सांगायला नको. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रावर डिसेंबर-जानेवारीत पारा पाच अंशांच्या खाली जातो, तेव्हा घड वाचावेत म्हणून आपण पहाटे बागेत शेकोट्या पेटवतो, ठिबक चालू करतो. त्याच पहाटे त्याच बागेच्या कडेला ताडपत्रीखाली मुलं झोपलेली असतात.

आणखी एक गोष्ट, जिच्याबद्दल फारसं बोललं जात नाही. छाटणीनंतर डोळे एकसारखे फुटावेत म्हणून काडीला जी पेस्ट लावतात, तिच्यात हायड्रोजन सायनामाइड असतं. ते कातडीला भाजतं, डोळ्यांना इजा करतं आणि आधी किंवा नंतर दारू घेतलेली असेल तर माणसाची अवस्था गंभीर करतं. हातमोजे दिले म्हणजे काम संपलं असं नाही. पेस्ट लावून आलेल्या माणसाला साबणाने अंग धुवायला बंदिस्त न्हाणी हवी, कपडे बदलायला आडोसा हवा, तान्ह्या मुलाला जवळ घेण्याआधी हात धुवायला नळ हवा. ताडपत्रीच्या पालात यातलं काहीच होत नाही. शौचालयाचं तर बोलायलाच नको. बाया अंधार पडायची वाट पाहतात, दिवसभर पाणी कमी पितात, आणि रात्री उसाच्या कडेने जाताना सापाचं भय असतं ते वेगळंच.

यात शेतकरी निर्दय आहे असं मला मुळीच म्हणायचं नाही. मी स्वतः बागायतदार आहे. दोन पक्क्या खोल्या, न्हाणी आणि शौचालय बांधायची इच्छा असलेले कितीतरी शेतकरी माझ्या ओळखीचे आहेत. चांगली टोळी टिकवायची तर राहायची सोय हवी, हे त्यांना कळतं. ते अडतात कागदावर. एक जण म्हणतो, ‘शेतात बांधकाम केलं तर एनए (बिगरशेती) करावं लागेल.’ दुसरा म्हणतो, ‘ग्रामपंचायत घरपट्टी घेते, म्हणजे झालंच की मंजूर.’ तिसरा एजंटाला पैसे देऊन मोकळा होतो आणि वर्षभराने नोटीस आली की डोक्याला हात लावतो. माझ्या शेतातल्या खोल्यांची फाईल एका कार्यालयात या टेबलावरून त्या टेबलावर फिरत राहिली. कारण काय, तर सातबारा सामायिक होता, त्यावर आत्याचं नाव होतं आणि तिचं संमतिपत्र जोडायला हवं हे पहिल्या दिवशी कुणी सांगितलंच नाही. मधल्या हंगामात टोळी पत्र्याच्या आडोशाला राहिली. असं आणखी कुणाच्या शेतात होऊ नये, म्हणून हे आवाहन.

कायदा शेतकऱ्याच्या आड येत नाही, हे आधी नीट समजून घेऊ. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ मध्ये शेतघराची व्याख्या आहे. अवजारं, खत, चारा, शेतमाल ठेवण्याची जागा आणि गुरांचा गोठा त्यात येतोच. त्याबरोबर जमीनधारकाच्या कुटुंबाचं, कुळांचं आणि नोकरांचं राहण्याचं घरही त्याच व्याख्येत स्पष्ट लिहिलेलं आहे. म्हणजे बागेत राबणाऱ्या माणसांसाठी शेतात खोली बांधणं हा शेतीचाच भाग आहे. त्याच संहितेच्या कलम ४१ नुसार शेतजमीन धारण करणाऱ्याला असं बांधकाम करण्याचा हक्क आहे.

मग परवानगीचा प्रश्न कुठे येतो? काही पट्ट्यांत. नाशिकसारख्या महापालिकेच्या हद्दीत आणि हद्दीपासून ५ किलोमीटरपर्यंत, ‘अ’ वर्ग नगरपरिषदेच्या हद्दीत आणि हद्दीपासून ३ किलोमीटरपर्यंत, ‘ब’ आणि ‘क’ वर्ग नगरपरिषदेच्या हद्दीत, तसंच प्रादेशिक योजनेच्या किंवा नगररचना योजनेच्या क्षेत्रात आधी परवानगी घ्यावी लागते. आपल्याकडे गोंधळ होतो तो इथेच. गेल्या काही वर्षांत ओझर आणि पिंपळगाव बसवंत इथे नगरपरिषदा झाल्या. काल खेड्यात असलेली शेतं आज अशा पट्ट्यात आली आहेत आणि मालकाला त्याचा पत्ता नाही. शेजाऱ्याने पाच वर्षांपूर्वी विनापरवानगी बांधलं म्हणून आपलंही चालेल, या समजुतीवर कुणी विटा आणू नयेत. आपला गट कोणत्या क्षेत्रात येतो, हे तहसील कार्यालयाकडून लेखी घ्यावं. तोंडी उत्तरावर पुढे काही टिकत नाही.

परवानगी लागते तिथे मापंही ठरलेली आहेत. राहण्याच्या घरासाठी जमीन किमान ०.४ हेक्टर, म्हणजे साधारण एक एकर हवी. ०.४ ते ०.६ हेक्टरपर्यंत जमीन असेल तर सगळ्या शेतघरांचं मिळून जोत्याचं क्षेत्र १५० चौरस मीटरपर्यंत. त्याहून जास्त जमीन असेल तर सगळं मिळून ४०० चौरस मीटरपर्यंत, पण त्यातला राहण्याचा भाग १५० चौरस मीटरपर्यंतच. बांधकाम फक्त तळमजल्याचं आणि उंची जोत्यापासून ५ मीटरच्या आत. यातली एक खोच बहुतेकांच्या लक्षात येत नाही. मालकाच्या कुटुंबाचं घर आणि मजुरांची खोली एकाच मापात मोजली जातात. मळ्यात आपला बंगला आधीच उभा असेल तर उरलेल्या मापात किती बसतं, याचा हिशेब नकाशा काढण्याआधी करावा लागतो. दहा बाय बाराच्या दोन-तीन खोल्या, पुढे पडवी, बाजूला न्हाणी-शौचालय एवढं या मापात सहज बसतं. त्याबरोबर आपल्या भागाला लागू असलेले बांधकाम नियम पाहावे लागतात, ग्रामपंचायतीकडे काय द्यायचं ते विचारावं लागतं, रस्ता, पाट, ओढा आणि उच्च दाबाच्या तारा यांपासून किती अंतर सोडायचं ते तपासावं लागतं. ग्रामपंचायतीच्या नमुना ८ मध्ये नोंद झाली, घरपट्टी सुरू झाली, म्हणजे बांधकाम मंजूर झालं असं होत नाही. ती करआकारणीची नोंद आहे. जमीन भोगवटादार वर्ग २ ची असेल तर आणखी एक पायरी वाढते. बँकेचा किंवा सोसायटीचा बोजा असेल तर तिथेही विचारून घ्यावं.

विजेचंही असंच आहे. शेतीपंपाच्या जोडणीवरून खोलीत दिवा लावणं हा वीज कायद्यानुसार अनधिकृत वापर ठरू शकतो, आणि शेतीची वीज तशीही रात्रभर नसते. खोलीसाठी वेगळी जोडणी मागायला कागद लागतात आणि ते कागद बांधकामाच्या मंजुरीपाशी येऊन थांबतात. म्हणूनच मी पुन्हा पुन्हा फाईलवर येतो. ती एक सुटली की दिवा, पाणी, शौचालय सगळं सुटायला लागतं.

आता मनातल्या भीतीबद्दल. ‘राहायला पक्कं घर दिलं तर उद्या कूळ लागेल’ हे वाक्य मी गावोगावी ऐकतो. कूळकायद्यात जमीन गेलेल्या घरांच्या आठवणी आपल्याकडे ताज्या आहेत, त्यामुळे ही भीती उडवून लावण्यात अर्थ नाही. पण कायदा वाचावा. महाराष्ट्र कुळवहिवाट व शेतजमीन अधिनियम, १९४८ च्या कलम ४ मध्ये मानीव कूळ कोण हे सांगताना काहींना बाहेर ठेवलं आहे, त्यांत आपल्या कामाचे दोघे. एक, पिकातला वाटा न घेता रोख किंवा वस्तूंच्या रूपात मजुरी घेणारा नोकर. दुसरा, मालकाच्या किंवा त्याच्या कुटुंबीयांच्या देखरेखीखाली जमीन कसणारा भाडोत्री मजूर. हंगामी द्राक्ष मजूर यात स्वच्छ बसतो. मजुरीची वही नीट ठेवा, मुकादमाशी आणि प्रत्येक कुटुंबाशी कामाचा व राहण्याचा काळ लिहून घ्या, शंका असेल तर वकिलाला दाखवा. ही वही मजुरालाही उपयोगी पडते. उचल किती, कापली किती, राहिली किती, हे त्यालाही कळतं.

इतकं सगळं एकट्या शेतकऱ्याने निस्तरायचं, तेही फवारणीच्या आणि छाटणीच्या धावपळीत, हे होत नाही. म्हणून तुमच्याकडे मागणं आहे.

निवृत्त तलाठी, मंडळ अधिकारी, ग्रामसेवक आणि भूमी अभिलेख खात्यातले जुने कर्मचारी प्रत्येक मोठ्या गावात आहेत. कोणता कागद कशाला अडतो हे तुमच्याइतकं कुणाला ठाऊक नाही. आठवड्यातून एक सकाळ सोसायटीच्या ओट्यावर बसा आणि अर्ज जाण्याआधी तपासून द्या. सिव्हिलचा डिप्लोमा किंवा पदवी घेतलेल्या मुलामुलींनो, आपल्या गावातल्या चार शेतांचे नकाशे काढून द्या. सही लागेल तिथे परवानाधारक अभियंत्याला सोबत घ्या. वकील मंडळींनी संमतिपत्राचा आणि मजुराशी करायच्या लेखी नोंदीचा सोप्या मराठीत मसुदा तयार करून द्यावा. ई-सेवा केंद्र चालवणाऱ्यांनी अर्जाची पोच शेतकऱ्याच्या हातात दिल्याशिवाय त्याला घरी पाठवू नये. पोचेवर तारीख असली की सेवा लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ खाली अधिसूचित आहे का, मुदत किती, अपील कुणाकडे, हे पुढे विचारता येतं.

निर्यातदारांना आणि शेतकरी उत्पादक कंपन्यांना मी थोडं आग्रहाने सांगेन. युरोपात माल पाठवायचा तर ग्लोबलगॅपच्या तपासणीत शेतावर राहणाऱ्या मजुरांची जागा राहण्यायोग्य आहे का, तिथे मूलभूत सोयी आहेत का, हे पाहिलं जातं. तपासनीस येण्याच्या आदल्या दिवशी हात धुवायचं बेसिन ठोकून ते निभावतं, हे तुम्हालाही माहीत आहे. तसं करू नका. तुमच्याकडे अभियंते आहेत, कागद हाताळणारी माणसं आहेत. ती एक महिना या कामाला द्या. महाराष्ट्र राज्य द्राक्ष बागायतदार संघाने एक एकर, दीड एकर आणि त्याहून मोठ्या बागांसाठी तीन नमुना नकाशे तयार करून दिले, तर शेकडो शेतकऱ्यांचा खर्च आणि खेटे वाचतील.

महसूल, नगररचना, ग्रामपंचायत आणि महावितरणच्या अधिकाऱ्यांना विनंती आहे. महाराजस्व अभियानाची शिबिरं आपण घेताच. त्यातलं एक मजुरांच्या खोल्यांसाठी द्या. चारही खात्यांची माणसं एका मांडवात बसली तर त्रुटी त्याच दिवशी कळेल. त्रुटी एकदाच आणि सगळ्या एकत्र लिहून द्या. शेतकऱ्याची एवढीच मागणी आहे.

आणि नकाशा काढण्याआधी टोळीतल्या बायकांना विचारा. चूल कुठे हवी, न्हाणीचं दार कोणत्या बाजूला, आतून कडी लागते का, रात्री शौचालयापर्यंत उजेड पोहोचतो का. आपण पुरुष माणसं हे विसरतो.

यंदा काहींची मंजुरी छाटणीआधी हाती येणार नाही, हे मला दिसतं आहे. त्यांनी अर्ज आजच द्यावा आणि तोवर निदान एवढं करावं: औषधांच्या खोलीत कुणालाही झोपू देऊ नये, झोपायची जागा जमिनीपासून उंच आणि कोरडी असावी, चूल ताडपत्रीपासून लांब असावी, पिण्याचं पाणी झाकलेलं असावं, सौर दिवा असावा आणि बायकांसाठी बंदिस्त न्हाणी-शौचालय उभं करावं. सोबत आलेल्या मुलांना जवळच्या जिल्हा परिषद शाळेत घेऊन जावं. शिक्षण हक्क कायद्याने वर्षाच्या मध्येही प्रवेश मिळतो.

प्रथेप्रमाणे १५ ऑगस्टला गावोगावी ग्रामसभा होईल. सरपंचांनी हा विषय पत्रिकेवर घ्यावा. ज्यांना मदत करायची आहे त्यांनी तिथे आपलं नाव सांगावं. ज्यांना खोल्या बांधायच्या आहेत त्यांनी चालू सातबारा, ८-अ, गटाचा नकाशा आणि सामायिक खातेदारांची नावं सोबत आणावीत, म्हणजे पहिला अर्ज त्याच दिवशी लिहिता येईल.