उन्हातला फुटबॉल

बीड जिल्ह्यात एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो आणि नेमकी तेव्हाच उन्हाळी शिबिरे भरतात. खेळाच्या नादात मुलांना तहान जाणवत नाही. त्यामुळे दर पंधरा-वीस मिनिटांनी पाणी पाजणे हे प्रशिक्षकाचे काम, मुलांच्या मर्जीचे नव्हे. २०१४ च्या विश्वचषकात नेदरलँड्स-मेक्सिको सामनाही पाण्यासाठी थांबला होता. शाळेच्या मैदानावर मग संकोच कसला? टँकरवर अवलंबून असलेल्या गावांत पाण्याची सोय नसेल, तर शिबिरच भरवू नये. सराव सकाळी नऊच्या आत आटोपावा. मूल बरळू लागले, झोकांड्या खाऊ लागले, तर उष्माघात समजून सावलीत न्यावे, अंगावर गार पाणी ओतत राहावे आणि १०८ ला फोन करावा. बेशुद्ध मुलाच्या तोंडात पाणी घालू नये.