बदलीच्या गावचे झाड

परप्रांतात राहणारा मराठी लेखक निसर्गावर लिहावयास बसला, की त्याच्या लेखणीला हटकून कोकणची वाट सापडते. माड, पोफळी, तांबडी माती, खाडी; फार झाले तर सह्याद्रीचा एखादा कडा. गृहस्थ राहतो जबलपुरास, दहा दहा वर्षे नर्मदेचे पाणी पितो. पण नर्मदा त्याच्या लेखनात आलीच तर भेडाघाटच्या चांदण्यात नावेतून फिरणाऱ्या पाहुण्याच्या डोळ्यांनी येते. आठवणींवर कोणी बंदी घालावी असे मी म्हणत नाही. माझी तक्रार अशी, की या लेखनात पाहणे नाही. ‘हिरवीगार वनराई’ आणि ‘पाखरांचा किलबिलाट’ हे शब्द रत्नागिरीस चालतात, रांचीस चालतात आणि आमच्या सदर बाजारातही चालतात. गावाचे नाव बदलले तरी ज्या वर्णनातील एक अक्षर बदलावे लागत नाही, ते वर्णन कोणत्याच गावाचे नसते.

यावर पहिली सबब ठरलेली आहे : आमच्या बदल्या होतात, दोनतीन वर्षांत आम्ही काय पाहणार? ही सबब इतिहासापुढे टिकत नाही. साताऱ्यात १८५१ साली जन्मलेला एडवर्ड हॅमिल्टन एटकेन मुंबई इलाख्याच्या जकात व मीठ खात्यात नोकर होता आणि खात्याच्या हुकुमासरशी गावोगाव फिरत होता. पण ज्या बंगल्यात मुक्काम पडे तेथील पाली, मुंग्या, उंदीर, कावळे यांच्याकडे तो असा काही पाहत राही, की त्या पाहण्याचे १८८३ साली पुस्तक झाले. आणि त्याच साली मुंबईत ज्यांनी नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापन केली, त्या मंडळींत तोही होता. इतके दूर कशाला? याच जबलपुराजवळच्या बडा सिमला टेकडीत १८२८ साली कॅप्टन स्लीमन यांना पाषाणरूप झालेली हाडे सापडली. पुढे १८७७ मध्ये रिचर्ड लिडेकर यांनी त्या प्राण्याला ‘टायटॅनोसॉरस इंडिकस’ हे नाव दिले. आशियातील डायनोसॉरच्या अवशेषांचा हा पहिला शोध बदलीवर आलेल्या एका अधिकाऱ्याने लावला. त्यांचा साहेबी तोरा आपणांस नको; त्यांची नजर घ्यावयास कोणती अडचण आहे?

दुसरी सबब अशी, की आम्ही तज्ज्ञ नाही, आम्हांस नावे ठाऊक नाहीत. नाव नंतर विचारता येते. संख्या, तारीख आणि जागा मात्र त्याच दिवशी लिहावी लागते. गिधाडांचेच उदाहरण घ्या. भरतपूरच्या केवलादेव उद्यानात विभू प्रकाश यांनी १९८० च्या दशकात गिधाडांची गणना करून ठेवली होती. १९९० च्या दशकात ती पुन्हा केली, तेव्हा केवढा संहार झाला आहे हे आकड्यांत दिसले. गुरांना दिले जाणारे डायक्लोफेनॅक हे औषध त्याचे कारण असल्याचे पुढे सिद्ध झाले आणि २००६ साली गुरांसाठी त्याच्या वापरावर बंदी आली. पहिली गणना वहीत नसती, तर ‘पूर्वी पुष्कळ असत हो’ या सुस्काऱ्यापलीकडे आपल्या हाती काय उरले असते? सुस्काऱ्यावर सरकारी टिपण तयार होत नाही, हे आपणां कारकुनांस कोणी सांगावयास नको.

तिसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. साहित्य म्हणजे काही शास्त्र नव्हे. मोजदाद आली की काव्य गेले, असे रसिक म्हणतात. त्यांना मी सुगरणीकडे बोट दाखवीन. आपण त्या पक्ष्याला स्त्रीलिंगी नाव दिले आणि घरट्याचे सारे श्रेय मादीला देऊन मोकळे झालो. अलिबागजवळच्या किहीम येथे १९३० साली सालिम अली त्या घरट्यांसमोर ठाण मांडून बसले आणि वेगळीच हकीकत उजेडात आली. विणकाम नर करतो. घरटे अर्धे झाले की मादी येऊन ते पारखते. पसंत पडले तरच तो ते पुरे करतो. ती अंडी उबवावयास बसली, की हा पठ्ठ्या दुसरे घरटे विणून दुसरीची वाट पाहू लागतो. आता रसिकांनीच सांगावे, काव्य कोठे अधिक आहे? आपण कल्पिलेल्या गृहिणीत, की त्या कारागिराच्या उमेदवारीत आणि मागे एकटीने पिले वाढविणाऱ्या मादीत? पाहण्याने काव्य मरत नाही. मरते ते फक्त उसने काव्य.

आणि हे पाहणे मराठीतूनच लिहून ठेवण्याला विशेष अर्थ आहे. ज्याला आपण पावशा म्हणतो तोच येथला पपीहा. आपल्या शेतकऱ्याला त्याच्या ओरडण्यात ‘पेरते व्हा’ ऐकू येते, येथील लोकांना ‘पी कहाँ’, आणि इंग्रजाला तर त्यात मेंदूज्वर ऐकू आला! पक्षी एक, कंठ एक. पण एकाने त्यात शेत ऐकले, दुसऱ्याने विरह आणि तिसऱ्याने उन्हाळ्याचा वैताग. दोन भाषांच्या सीमेवर राहणाऱ्या माणसाला हे दोन्ही कान लाभलेले असतात. पुण्यात बसलेल्या लेखकाला जे सहजी मिळणार नाही ते आपणांस कचेरीच्या वाटेवर फुकट मिळते, आणि आपण ते टाकून पुण्याच्याच लेखकाची नक्कल करीत बसतो.

सदरमधील एका आवारातल्या निंबावर गेल्या हिवाळ्यात घारीने घरटे केले. त्यात काटक्यांबरोबर चिंध्या होत्या आणि फायलीची एक फीतही होती. खालून रोज शेकडो माणसे जात. वर पाहणारी फारशी दिसली नाहीत. असे झाड उद्या रस्तारुंदीत गेले, तर त्यावर काय होते हे सांगणारा एकही कागद कोणत्याच दप्तरात सापडणार नाही. नंतर बदलून येणाऱ्याला वाटेल, येथे पूर्वीपासून ऊनच होते.

म्हणून या मासिकाच्या संपादकांना आणि वाचकांना माझी स्पष्ट सूचना आहे. येत्या वर्षात माडापोफळींच्या कवितांची पाने निम्मी करावीत आणि ती जागा नोंदींना द्यावी. ज्याने त्याने आपल्या बदलीच्या गावचे एक झाड निवडावे, वर्षभर पाहावे, आणि तारीखवार एक पान लिहावे : मोहर केव्हा आला, कोण येऊन बसले, किती होते, कधी गेले. विशेषणे कमी पडली तरी हरकत नाही. बदलीचा हुकूम आला तर पुढची पाने आपल्या जागी येणाऱ्याच्या हवाली करावीत. कार्यभार सोपविण्याची रीत आपल्याइतकी दुसऱ्या कोणास ठाऊक आहे?