पंचनाम्यात न येणारे नुकसान

२ जुलै २०१९ च्या रात्री चिपळूण तालुक्यातील तिवरे येथील धरण फुटले आणि वीसहून अधिक माणसे वाहून गेली. धरणाच्या गळतीच्या तक्रारी ग्रामस्थांनी आधीच केल्या होत्या. तत्कालीन जलसंधारणमंत्र्यांनी मात्र दोष खेकड्यांवर टाकला. पुढे २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीच्या पुराने चिपळूण शहर बुडाले. घरांचे, दुकानांचे, गुरांचे पंचनामे झाले. परंतु पावसाचा जोर वाढताच ज्याची झोप उडते, नदीकाठची वाट जो टाळतो, त्याच्या मनाच्या नुकसानीसाठी पंचनाम्यात रकाना नाही.

या व्याधीवर उपाय नाही असे नव्हे. एड्ना फोआ या मानसशास्त्रज्ञ विदुषीने विकसित केलेल्या पद्धतीत रुग्ण घडलेला प्रसंग प्रशिक्षित उपचारकासमोर पुनःपुन्हा सांगतो आणि टाळलेल्या, पण आता निर्धोक असलेल्या जागी टप्प्याटप्प्याने जाऊ लागतो. टाळल्याने भय जिवंत राहते. सामोरे गेल्याने आठवण आणि संकट यांतील भेद मनाला उमगतो. त्यासाठी सामान्यतः दीड तासाच्या आठ ते पंधरा बैठका लागतात. पुढारी, अधिकारी व वार्ताहर यांच्यापुढे आपद्ग्रस्ताला आपली कहाणी सांगावी लागते, तो उपचार नव्हे. तेथे ऐकणारा निघून जातो आणि सांगणारा भयासह मागे उरतो.

रत्नागिरीत शासनाचे प्रादेशिक मनोरुग्णालय आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने शासकीय सेवेतून उपचार मिळण्याचा हक्कही मान्य केला आहे. पण सह्याद्रीच्या पायथ्याच्या मजुराने प्रत्येक बैठकीसाठी रत्नागिरी गाठायची, तर त्याची दिवसाची मजुरी बुडते. तेव्हा तालुक्याच्या रुग्णालयातच प्रशिक्षित उपचारक हवेत आणि बुडालेल्या मजुरीची भरपाईही हवी. एरवी हा हक्क केवळ सुस्थितांचा राहील.

याहून मूलभूत अट निराळीच आहे. संकट टळले आहे, हे या उपचाराचे गृहीत आहे. जेथे धरण गळते आणि नदीचे पात्र गाळाने भरते, तेथील भयाला आजार कसे म्हणावे? म्हणून धरणांची दुरुस्ती, पुराची वेळेवर सूचना आणि सुरक्षित पुनर्वसन ही मनाच्या उपचाराचीच पहिली पायरी होय. भयाचे कारण कायम ठेवून भयग्रस्ताला धीराचा उपदेश करण्याचा अधिकार कोणत्याही शासनाला नाही.