स्कुबाचे पैसे भरण्याआधी एवढं वाचा

परवा सकाळी थळच्या बाजारात मासळी घ्यायला थांबलो होतो. ओळखीच्या मावशींनी बोंबलांचा वाटा लावता लावता मोबाईल माझ्यापुढे धरला. "दादा, तुमी पेपरवाले. पोरगा बोलतोय चार दिसांत नोकरीचा कागद मिलतो. खरा हाय का सांगा."

जाहिरात अशी होती : चार दिवसांचा स्कुबा डायव्हिंग कोर्स, आंतरराष्ट्रीय सर्टिफिकेट, अंदमान-गोव्यात शंभर टक्के नोकरी, फी फक्त १४ हजार, निम्मे आजच भरा. खाली एक मोबाईल नंबर आणि निळ्याशार पाण्यात कासवाचा फोटो. शिकवणार कोण, कुठे, कोणत्या संस्थेचं सर्टिफिकेट, काहीच नाही. आणि मावशी बचत गटातून कर्ज काढायला निघाल्या होत्या.

त्यांना म्हटलं, आज भरू नका, मला दोन दिवस द्या. तेवढ्यात तीच जाहिरात मला आणखी तिघांनी पाठवली. म्हणून जे विचारलं, वाचलं, समजून घेतलं, ते सगळ्यांसाठी इथे लिहितोय.

आधी माझी स्वतःची चूक कबूल करतो. काही वर्षांपूर्वी कोकणातच एका ठिकाणी मीही 'स्कुबा' केलं. पाच मिनिटं सूचना, मग पाण्याखाली वीस मिनिटं. एका मुलाने मागून माझा सिलिंडर घट्ट पकडला होता. मी फक्त श्वास घेत होतो आणि कॅमेऱ्याकडे बघून अंगठा दाखवत होतो. परत येऊन ऐटीत बातमी लिहिली, 'स्कुबा शिकलो'. शिकलो काय? त्या मुलाने हात सोडला असता तर काय करायचं हे मला माहीत नव्हतं. अशा बातम्या आम्हीच छापल्या, म्हणून आज अशा जाहिराती खपतात.

तेव्हा पहिली गोष्ट ही की 'स्कुबा' या एका शब्दाखाली तीन वेगवेगळ्या गोष्टी विकल्या जातात.

पहिली, हौसेची बुडी. पर्यटक करतात ती. वाईट काहीच नाही, नीट नेली तर मजा आहे. पण ते प्रशिक्षण नव्हे. त्याचा जो रंगीत कागद देतात तो आठवण म्हणून भिंतीवर लावायचा, नोकरीच्या अर्जाला जोडायचा नाही.

दुसरी, 'स्कुबा डायव्हर' कार्ड. नाव भारी वाटतं, पण हा अर्धा कोर्स आहे. पॅडी या अमेरिकन संस्थेचं हे कार्ड असेल तर तुम्ही फक्त १२ मीटरपर्यंत जाऊ शकता, आणि तेही व्यावसायिक डायव्हर सोबत असेल तरच.

तिसरी, 'ओपन वॉटर डायव्हर'. नवशिक्याचा पूर्ण कोर्स हा. यानंतर तुम्ही जोडीदाराबरोबर, मार्गदर्शक नसतानाही, १८ मीटरपर्यंत जायला पात्र ठरता. कोर्स म्हणून पैसे मोजायचे असतील तर याचेच मोजा. पावतीवर 'ओपन वॉटर डायव्हर' हेच शब्द लिहून घ्या. एका शब्दाने अर्धा कोर्स पूर्ण कोर्सच्या भावात गळ्यात पडतो.

पॅडी चांगली की एसएसआय, यावर लोक तासन्‌तास वाद घालतात. पॅडी १९६६ची, एसएसआय १९७०ची, दोन्ही जगभर चालतात. या पातळीच्या प्रशिक्षणाला आयएसओ २४८०१-२ असं आंतरराष्ट्रीय मानक आहे आणि दोघींचा ओपन वॉटर कोर्स त्यात बसतो. त्यामुळे कार्डावरच्या शिक्क्यापेक्षा समोर उभा राहून शिकवणारा माणूस कसा आहे, हे दहापट महत्त्वाचं.

आता आपल्या पोरांबद्दल. थळची, नवगावची, वरसोलीची पोरं पाण्यातच वाढलेली. पंख्यात जाळं अडकलं की सुरी तोंडात धरून खाली जाणारी. त्यांना वाटतं, आपल्याला काय शिकवणार? इथेच खरा धोका आहे, आणि तो शहरातल्या पर्यटकापेक्षा आपल्या पोराला जास्त आहे.

आपला पोरगा वर छाती भरून श्वास घेतो, दम धरतो आणि खाली जातो. खाली दाबाने छातीतली हवा आकसते, वर येताना पुन्हा पहिल्याएवढी होते. नुकसान नाही. स्कुबामध्ये उलटं असतं. दहा मीटर खाली दाब वरच्यापेक्षा दुप्पट असतो आणि सिलिंडरमधून येणारी हवाही त्याच दाबाची असते. तिथे छाती भरून घेतली आणि सवयीने दम धरून वर आलात, तर तीच हवा वर पोचेपर्यंत दुप्पट जागा मागते. फुप्फुस फाटू शकतं. दोन-तीन मीटरवरूनही फाटू शकतं. म्हणून स्कुबाचा पहिला नियम : दम धरायचा नाही, श्वास चालू ठेवायचा. जन्मभर दम धरायला शिकलेल्या पोराला ही सवय मोडायला वेळ लागतो, आणि तो वेळ देणारा शिक्षक लागतो. घाईच्या कोर्सात कापला जातो तो नेमका हाच वेळ.

पैसे भरण्याआधी विचारायचे प्रश्न असे.

१. इन्स्ट्रक्टरचं नाव आणि सदस्य क्रमांक काय? खरा इन्स्ट्रक्टर क्रमांक लगेच देतो. संस्थेच्या वेबसाइटवर तो टाकला की त्याचं इन्स्ट्रक्टरपण चालू आहे की नाही ते दिसतं. मोबाईलवर पाच मिनिटांचं काम आहे.

२. एका इन्स्ट्रक्टरमागे विद्यार्थी किती? पॅडीच्या नियमात समुद्रात मदतनीस नसताना जास्तीत जास्त आठ. पाणी गढूळ असेल तर आठही जास्तच. चार असतील तर उत्तम.

३. डाइव्ह किती? आधी तलावातला किंवा उथळ शांत पाण्यातला सराव आणि त्यानंतर समुद्रातल्या किमान चार डाइव्ह, त्याही किमान दोन दिवसांत. "एका दिवसात सगळं उरकतो" म्हणणाऱ्याला हात जोडा आणि निघा.

४. पोहण्याची चाचणी घेता का? २०० मीटर पोहणं, किंवा मास्क-फिन-स्नॉर्केल लावून ३०० मीटर, आणि वर १० मिनिटं आधाराशिवाय तरंगणं. ही चाचणी आपली पोरं हसत देतील. पण जो ती घेतच नाही, तो बाकीचंही सोडून देत असणार.

५. आजारपणाचा फॉर्म भरून घेता का? दमा, फिट्स, हृदयाचा त्रास, कानाचं ऑपरेशन, सगळं खरं लिहायचं. एकाही प्रश्नाला 'हो' आलं तर डॉक्टरची सही लागू शकते. "सगळीकडे नाही लिही" असं सांगणारा माणूस पोराच्या जिवाशी खेळतोय.

६. परीक्षा कोण देतं? थिअरी इंग्रजीतून असते. शिकवणारा मराठीत समजावून सांगतो का, की उत्तरं सांगून कागद भरून घेतो? ज्याला दाबाचं गणित कळलंच नाही, त्याला पाण्याखाली इंग्रजी-मराठी काहीच वाचवणार नाही.

७. अपघात झाला तर ऑक्सिजन बोटीवर आहे का? जवळचं रिकम्प्रेशन चेंबर कुठे? याला "आजवर काही झालं नाही" हे उत्तर नव्हे.

आणखी एक, मालवणला जाणाऱ्यांसाठी. डाइव्ह संपवून त्याच संध्याकाळी आंबोली किंवा गगनबावड्यावरून घाट चढू नका. शरीरात विरघळलेला नायट्रोजन बाहेर पडायला वेळ लागतो आणि उंचीवर दाब कमी होतो. विमानासाठी एका डाइव्हनंतर किमान १२ तास आणि अनेक डाइव्हनंतर किमान १८ तास थांबतात. घाटासाठीही तेच धोरण ठेवा. एक रात्र खाली मुक्काम करा.

पैशांचं म्हणाल, तर मी जिथे जिथे फोन केला तिथे पूर्ण ओपन वॉटर कोर्स २५ हजारांच्या खाली कोणी सांगितला नाही. मग १४ हजारांत कुठेतरी काटछाट असणारच. डाइव्हमध्ये, शिक्षकात, नाहीतर उपकरणांच्या देखभालीत.

आता नोकरी. जाहिरातीतलं सगळ्यात मोठं खोटं तेच आहे. ओपन वॉटर कार्डावर कोणीही डायव्हिंगची नोकरी देत नाही. ते शिकाऊ माणसाचं कार्ड आहे. पाण्याखालचं पहिलं पगारी काम डाइव्हमास्टरचं. त्यासाठी पॅडीच्या पद्धतीत आधी अ‍ॅडव्हान्स्ड, मग रेस्क्यू, वय १८ पूर्ण, सुरू करताना किमान ४० डाइव्हची नोंद आणि संपवताना ६०. इन्स्ट्रक्टर व्हायला १०० डाइव्ह. म्हणजे एक-दोन हंगामांचा रस्ता आहे, चार दिवसांचा नाही. आणि जहाजाचा तळ घासणं, बंदरातली वेल्डिंगची कामं, हा धंदाच वेगळा, त्याचं प्रशिक्षण वेगळं.

मावशींच्या पोराला हे प्रश्न दिले. त्याने त्या नंबरवर फोन केला. पलीकडून उत्तर आलं, "आधी पैसे भर, इन्स्ट्रक्टरचं मग सांगतो." पैसे भरले नाहीत. पण संध्याकाळी पोरगा माझ्या दारात येऊन उभा राहिला. "काका, तुम्ही नको सांगितलं ते बरोबर. मग आता करू काय?"

त्याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. म्हणून हा प्रश्न आता गावापुढे, पुढाऱ्यांपुढे ठेवतो.

आपल्या समोरच्या पाण्यात खाड्यांचा गाळ. खांदेरी-उंदेरीच्या आसपास हात लांब केला तर बोटं दिसायची मारामार. खांदेरी जुलै २०२५ मध्ये जागतिक वारसा यादीत गेल्यापासून इथेही 'स्कुबा पर्यटन' आणू म्हणून भाषणं ठोकणाऱ्यांनी आधी त्या पाण्यात डोकं घालून बघावं. हा धंदा थळला येणार नाही. तो मालवणला आहे, गोव्याला आहे, अंदमानला आहे. आपल्या पोरांनी तिथे जायचंय, तर तयार होऊन जायला हवं.

आणि सोय नाही असंही नाही. तारकर्लीला पर्यटन विकास महामंडळाची स्कुबा डायव्हिंगची संस्था आहे, इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ स्कुबा डायव्हिंग अँड अ‍ॅक्वाटिक स्पोर्ट्स. मालवणच्या मच्छीमारांची पोरं आज गाईड म्हणून पाण्यात उतरतात. निवती रॉकजवळ नौदलाची निवृत्त नौका 'गुलदार' तळाशी ठेवून पाण्याखालचं संग्रहालय करण्याचा प्रकल्प राज्याने हाती घेतलाय. तिथे माणसं लागणार आहेत. ती कोणाची असणार?

माझं म्हणणं साधं आहे. उद्या कोणी निधी घेऊन आलाच, पंचायतीचा असो, आमदारांचा असो, कंपनीच्या सीएसआरचा असो, तर शंभर पोरांची चार दिवसांची शिबिरं भरवू नका. फोटो चांगला येतो, फ्लेक्स लागतो आणि शंभर पोरं कार्ड खिशात घालून पुन्हा जेट्टीवर बसतात. शंभर गुणिले १४ हजार, म्हणजे १४ लाख. माझ्या हिशेबाने तेवढ्यात पाच पोरं ओपन वॉटरपासून डाइव्हमास्टरपर्यंत जातील, राहण्या-जेवणासकट. निवड पोहण्याच्या चाचणीवर करा, चिठ्ठीवर नको. आणि पाचातली किमान एक मुलगी असू द्या.

कोणी म्हणेल, पाचच का? बाकीच्यांनी काय करायचं? प्रश्न रास्त आहे. पण त्या पाचातला एक जरी इन्स्ट्रक्टर होऊन परत आला, तर पुढच्यांना तो कोळीवाड्याच्या भाषेत शिकवील. दम धरू नको, हे त्याच्याइतकं नीट त्यांना दुसरं कोणी सांगू शकणार नाही.

येत्या ग्रामसभेत मी हा विषय लेखी देणार आहे. ज्यांना पटतं त्यांनी सही करायला या. आणि घरात कोणाच्या मोबाईलवर तो कासवाचा फोटो आला असेल, तर पैसे भरण्याआधी वरचे सात प्रश्न विचारा. उत्तरं मिळाली नाहीत तर बचत गटाचं कर्ज काढू नका.