युद्धाचे कारण आणि युद्धाचे निमित्त

परीक्षेत खर्ड्याच्या लढाईची कारणे विचारली म्हणजे बहुतेक उत्तरपत्रिकांत एकच मजकूर आढळतो. निजामाने चौथाई थकविली, त्याच्या दिवाणाने मराठ्यांच्या वकिलांपुढे उद्दामपणाची भाषा केली, म्हणून युद्ध झाले. उत्तर चूक नव्हे, गुणही मिळतात. परंतु त्यात दोन निराळ्या गोष्टी एकाच दावणीला बांधलेल्या असतात. उद्दाम शब्द हे निमित्त. थकबाकी हे कारण. हा भेद ओळखावयास शिकणे हाच, माझ्या मते, युद्धांचा इतिहास वाचण्याचा खरा उपयोग होय. कोण जिंकले एवढे तर पोवाडेही सांगतात.

त्या थकबाकीचे मूळ पुष्कळ मागे जाते. १७२८ च्या फेब्रुवारीत पहिल्या बाजीरावांनी पालखेडपाशी निजामाच्या फौजेची रसद व पाणी तोडले आणि ६ मार्च रोजी पैठणनजीक मुंगी-शेवगाव येथे तह झाला. चौथ व सरदेशमुखीचा हक्क निजामाने मान्य केला. हक्क कागदावर आला खरा. पण हिशेबात मतभेद पडल्यास उभयतांस मान्य असा निवाडा करणारा तिसरा कोणीच नव्हता. मग १७६० साली उदगीर, १७६३ साली राक्षसभुवन व १७९५ साली खर्डा. प्रत्येक वेळी इतरही कारणे मिसळली, निमित्त तर दर वेळी नवे. पण न मिटलेला हिशेब मागे उभाच होता. ही सारी स्थळे आपल्या मुलखातली किंवा त्याच्या शिवेवरची आहेत, हेही ध्यानात ठेवावे.

खर्ड्यास ११ मार्च १७९५ रोजी मराठ्यांचा जय झाला. निजामाने सुमारे तीन कोटी रुपये व मुलूख देण्याचे कबूल केले आणि आपला दिवाण मशीर-उल-मुल्क मराठ्यांच्या स्वाधीन केला. इतके झाल्यावर पुढे काय? त्याच वर्षी ऑक्टोबरात सवाई माधवराव निवर्तले, पुण्यात वारशाची भांडणे माजली आणि त्या धामधुमीत दिवाण सुटला व तहाने मिळालेले बहुतेक हातचे गेले. निजामाने १७९८ साली इंग्रजांची तैनाती फौज पत्करली. १८०२ च्या अखेरीस वसई येथे दुसऱ्या बाजीरावांनीही तीच वाट धरली. एकट्या खर्ड्यामुळे असे घडले असे मी म्हणत नाही. तथापि शेजारी शेजाऱ्याशी हिशेब मिटवू न शकल्यामुळे दोघांच्याही वाड्यांच्या किल्ल्या तिसऱ्याच्या कमरेला गेल्या, हे नाकारता येत नाही.

निवाड्याची रीत आपल्याकडे नव्हतीच काय? होती. वतनाचा तंटा गोतसभेपुढे येई, तेव्हा दोन्ही पक्ष निकाल मानण्याचा राजीनामा आधीच लिहून देत व जामीन देत. मग साक्षी होत, महजर लिहिला जाई आणि जमलेले लोक त्यावर आपल्या निशाण्या करीत. त्या सभेत सर्वांचा शब्द सारखा नव्हता, हा तिचा मोठा दोष झाकण्याचे कारण नाही. परंतु निकालापूर्वीच निकाल मान्य करणे ही युक्ती मात्र अस्सल होती. गावाच्या पाटलास जे साधले, ते दौलतींना साधले नाही.

चारठाणे ज्या निजामी राज्यात होते, त्याचा शेवटही हेच सांगतो. २९ नोव्हेंबर १९४७ रोजी भारत सरकार व निजाम यांच्यात एका वर्षाचा 'जैसे थे' करार झाला. जैसे थे म्हणजे प्रश्न आहे तेथेच राहिला. दरम्यान रझाकारांच्या जुलमाने गावेच्या गावे घर सोडून निघाली. १३ सप्टेंबर १९४८ रोजी फौजा आत आल्या व १७ तारखेस निजाम शरण आला. तो मुक्तीचा दिवस आपण आनंदाने पाळतो. पण त्याच्या मागोमाग संस्थानाच्या अनेक भागांत निरपराध मुसलमानांवर सूड उगविला गेला, आणि पंडित सुंदरलाल समितीने २७ ते ४० हजार माणसे दगावली असावीत असा अंदाज दिला. जी माणसे मेली त्यांच्यापैकी किती जणांनी रझाकारांची बंदूक पाहिली तरी असेल? मुक्तीचे भाषण देणाऱ्याने हेही सांगावे. त्याने मुक्तीस उणेपणा येत नाही.

आता पुन्हा पैठणकडे वळू. ज्या परिसरात १७२८ चा तह झाला, तेथेच आज जायकवाडी धरण उभे आहे. परभणी जिल्ह्याच्या पुष्कळ शेतांना त्याच्या डाव्या कालव्याचे पाणी मिळते. वरच्या अंगास नाशिक व अहिल्यानगर येथील धरणे. खालच्या अंगास आपण. दुष्काळ पडला की वाद पेटतो. पण २००५ च्या कायद्याने एक जलसंपत्ती नियमन प्राधिकरण निर्माण झाले, मेंढेगिरी समितीने अभ्यास केला आणि २०१४ साली प्राधिकरणाने आदेश दिला. १५ ऑक्टोबरला जायकवाडीत किती साठा आहे यावरून वरून पाणी सोडावयाचे. ६५ टक्के हा त्यातला मुख्य आकडा. २०१६ साली उच्च न्यायालयातही या वादाचा निकाल झाला. भांडण मिटले काय? मुळीच नाही. मोर्चे निघतात, वकील उभे राहतात, आकड्यांवरही शंका घेतली जाते. पण शंका आकड्यांवर घेतली जाते, माणसांच्या मुंडक्यांवर नाही; आणि चौथाईच्या हिशेबास जो तिसरा कधी लाभला नाही, तो येथे आहे.

पालकांस एक विनंती. शेताच्या बांधाचा खटला घरात चालू असल्यास मुलांना केवळ शेजाऱ्याची लबाडी सांगू नये. मोजणीचा नकाशाही दाखवावा. शिक्षकबंधूंस दुसरी. पुढील वर्षी खर्ड्याचा पाठ शिकविताना अर्ध्या वर्गाने नाना फडणविसांच्या वकिलाचे पत्र लिहावे, अर्ध्या वर्गाने निजामाच्या दिवाणाचे उत्तर. आणि दोन्ही पत्रांतून शिव्या वगळून उरेल तेवढ्यास गुण द्यावेत.